गाडी थांबते तोवर स्टेशन

जानेवारी 2016 मध्ये एक गोष्ट जगभर फिरली आणि फिरत फिरत मराठवाड्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही आली. जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेट. तिथल्या बर्फाळ मुलखात क्यू-शिराताकी नावाचं एक स्टेशन. त्या स्टेशनावरून शाळेला जाणारी एकच मुलगी. तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर स्टेशन बंद करायचं नाही, असं रेल्वेनं म्हणे ठरवलं. वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले, त्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि जाता जाता आपल्या रेल्वेच्या नावानं बोटं मोडली.

गोष्ट अर्धीच खरी होती. क्यू-शिराताकी 1947 मध्ये सुरू झालं आणि 26 मार्च 2016 ला बंद झालं. त्याच दिवशी त्याच मार्गावरची कामी-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही शेजारची स्टेशनंही मिटली. जपानी रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये बदलतं आणि तिथलं शालेय वर्षही मार्चमध्येच संपतं. त्या गाडीनं शाळेला जाणारी मुलगी एकटी नव्हती, आणखीही विद्यार्थी होते. स्टेशन बंद झालं ते प्रवासीच उरले नाहीत म्हणून. कंपनीला पाझर वगैरे फुटला नव्हता, तारखा जुळून आल्या होत्या.

पण या गोष्टीतली खरी नवलाची बाब त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नव्हती. क्यू-शिराताकीला रेल्वेचा एकही माणूस नव्हता. स्टेशनमास्तर नाही, तिकीट खिडकी नाही, झेंडी दाखवणारा नाही. लाकडी खोली, छोटा फलाट, भिंतीवर वेळापत्रक आणि ठरल्या वेळी येऊन थांबणारी गाडी, एवढाच कारभार. कोणी नसताना ते स्टेशन वर्षानुवर्षं चाललं कसं, हा प्रश्न मराठवाड्यातल्या उमरी, धर्माबाद, मुदखेडच्या माणसानं विचारण्याजोगा आहे. आपल्याकडेही छोट्या स्टेशनांवरची माणसं कमी होत गेली आहेत आणि त्याहून वेगानं कमी झाले आहेत ते गाड्यांचे थांबे.

ड्रायव्हरच कंडक्टर

जपानमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास स्टेशनं आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या स्टेशनांवर कर्मचारी नसतो. टोकियोच्या स्टेशनावर पांढरे हातमोजे घालून माणसांना डब्यात कोंबणारे कर्मचारी आपण चित्रांत पाहिलेले असतात. पण खेड्यापाड्यांतली जपानी रेल्वे अगदी वेगळी आहे. एक किंवा दोन डब्यांची डिझेल गाडी, तिच्यावर फक्त ड्रायव्हर. गार्ड नाही, तिकीट तपासनीसही नाही.

पैसे वसूल होतात ते असे. प्रवासी मागच्या दारानं चढतो. दाराजवळच्या यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी निघते, तो कुठल्या स्टेशनावर चढला याचा हा पुरावा. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो. त्यावर प्रत्येक आकड्यासमोर भाडं दिसतं आणि गाडी पुढे जाईल तसं ते वाढत जातं. उतरताना प्रवासी पुढे येतो, चिठ्ठी आणि पैसे ड्रायव्हरशेजारच्या पेटीत टाकतो, पासवाला पास दाखवतो आणि पुढच्या दारानं उतरतो. आपली विनावाहक एसटी रुळांवर चढवली तर जे होईल, तेच हे. स्टेशनावर करायचं काम गाडीत गेलं, त्यामुळे स्टेशनावर माणूस उरला नाही तरी अडलं नाही.

तरीही तिकीट हा त्यातला सोपा भाग. स्टेशनमास्तर मुळात तिकिटासाठी नसतोच, तो गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून असतो. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी जपानमध्ये धातूची चकती वापरत. मोठ्या कड्यात अडकवलेली ती चकती हातात असल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या तुकड्यात शिरता येत नसे आणि ती द्यायला-घ्यायला प्रत्येक क्रॉसिंगच्या स्टेशनावर माणूस लागे. पुढे दूरच्या एका नियंत्रण कक्षातून शंभर मैलांवरचे सिग्नल आणि सांधे हलवता येऊ लागले. चकती संग्रहालयात गेली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेड्यांतली स्टेशनं भराभर रिकामी झाली. 1 एप्रिल 1987 ला जपानची सरकारी रेल्वे मोडून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहू कंपनी झाली, तेव्हा ही प्रथा चांगलीच मुरलेली होती.

उमरीला माणसं लागत तेव्हा

अशाच एका टोकनाच्या आधारानं उमरीचं स्टेशनही चाललं. निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडला जाणारा 391 मैलांचा मीटरगेज मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून बांधला गेला. 1899 ते 1901 या काळात तो टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. याच वर्षांत मराठवाडा मोठ्या दुष्काळात होरपळत होता. मार्गाचा हेतू उघड होता, गोदावरीच्या खोऱ्यातला कापूस मनमाडमार्गे मुंबईच्या बाजारात न्यायचा. मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मधलं उमरी हे या कापसाच्या व्यापाराचंच गाव. शेजारचं धर्माबाद लाल मिरचीसाठी ओळखलं जातं, त्यापुढचं बासर सरस्वतीच्या देवळासाठी.

रेल्वे आली तशी पेठ वाढली, पेठेच्या मागोमाग बँक आली आणि बँकेनं उमरीला इतिहासात नेलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात, 30 जानेवारी 1948 ला, स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीतल्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला. सुमारे वीस लाखांची रक्कम हाती आली आणि ती लढ्यासाठी गेली. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. एका छोट्या गावात एवढी रोकड का असावी, असा प्रश्न आज ऐकणाऱ्याला पडतो. त्याचं उत्तर कापूस आणि रेल्वे या दोन गोष्टींत आहे.

उमरीला उतरणाऱ्यांत व्यापारी होते तसे वारकरीही. जवळच्या गोरट्याला संतकवी दासगणू महाराजांचं स्थान आहे. त्यांच्या निधनाला, 1962 ला, साठ वर्षं उलटून गेली तरी गोरट्याची वाट विचारणारे भाविक या स्टेशनावर उतरतात. म्हणजे छोटं स्टेशन कधीच एका गावाचं नसतं. पाच-दहा कोसांतल्या वाड्या-तांड्यांचं, देवस्थानांचं, बाजाराचं आणि सासर-माहेराचं ते दार असतं.

मीटरगेजच्या काळात एवढ्याशा स्टेशनाचा बारदाना मोठा होता. स्टेशनमास्तर, त्याच्या हाताखालचे, सांधे बदलणारा सांधेवाला, सिग्नलचे दिवे लावणारा, रुळावरची गँग. पुढच्या स्टेशनाला विचारून यंत्रातून टोकनाचा लोखंडी गोळा काढायचा, तो पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्यात अडकवायचा आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला चालत्या इंजिनातून झेलता येईल असा धरायचा. रात्री-अपरात्री, पावसात, थंडीत. जपानची चकती आणि आपला गोळा ही एकाच विचाराची दोन रूपं. फरक पडला तो पुढे.

निजामाच्या सरकारनं 1930 मध्ये रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. 1951 मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि 1966 मध्ये सिकंदराबाद मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत. मालक बदलत राहिले, रूळ तेवढेच अरुंद राहिले. मनमाडला आणि सिकंदराबादला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. मराठवाड्याच्या मागासलेपणाचं ते रोज दिसणारं कारण होतं. म्हणूनच गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालच्या मराठवाडा विकास आंदोलनात ब्रॉडगेजची मागणी पुढे राहिली. नव्वदच्या दशकात मनमाडकडून रुंदीकरण सुरू झालं, पुढच्या दशकात ते इकडे पूर्ण झालं. 2003 मध्ये नांदेडला रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला.

रुंद रुळांवरून मुंबईची थेट गाडी आली, हैदराबादला जाणं सोपं झालं, मालाची चढउतार थांबली. हे सगळं हवंच होतं. पण गाड्या लांबल्या, वेगवान झाल्या आणि वेगवान गाडीला छोटं स्टेशन अडचणीचं वाटतं. उमरी हे तालुक्याचं ठिकाण, म्हणून त्याचा थांबा कागदावर तरी बळकट. पण शिवणगाव, करखेलीसारख्या लहान स्टेशनांच्या फलाटांवरून एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जाते आणि तिथल्या माणसाला पॅसेंजरखेरीज वाली नाही.

हॉल्ट आणि त्याचा एजंट

आपल्याकडे बिनमाणसाची स्टेशनं नाहीत असं नाही. रेल्वेच्या भाषेत ती ड वर्गातली, लोकांच्या तोंडी ‘हॉल्ट’. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात, साध्या रुळालगत एक फलाट आणि एक नावाची पाटी. सिग्नल नाही, सांधे नाहीत, स्टेशनमास्तर नाही. ड्रायव्हर वेळापत्रक पाहून थांबतो आणि गार्डनं इशारा दिला की निघतो. गार्डाला 2022 पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं असा हुकूम आहे, पण गाड्यांवर अजून ‘गार्डसाहेब’च चालतं.

अशा हॉल्टवर तिकीट विकतो तो रेल्वेचा नोकर नसतो, कमिशन एजंट असतो. बहुधा त्याच परिसरातला. तो जवळच्या मोठ्या स्टेशनावर जाऊन रोख पैसे भरतो, तिकिटांचे गठ्ठे आणतो, गाडीच्या वेळेला खिडकी उघडतो, तिकिटं विकतो आणि विक्रीवर कमिशन घेतो. विकली नाहीत तर कमिशन नाही. गाडी उशिरा आली तर तोही ताटकळतो. त्याला पगार नाही, रजा नाही, पेन्शन नाही. गाडी कुठवर आली हे त्यालाच विचारतात, म्हातारीला डब्यात चढवायला तोच हात देतो. गावाच्या दृष्टीनं तोच स्टेशनमास्तर.

हाच प्रकार जपानमध्येही आहे आणि चांगला रुजलेला आहे. कर्मचारी काढून घेतलेल्या कित्येक स्टेशनांची तिकीटविक्री रेल्वे कंपन्यांनी स्थानिक दुकानदाराला, सहकारी संस्थेला किंवा नगरपालिकेला दिली. चिबा प्रांतातल्या एमी या स्टेशनात 2020 मध्ये टपाल कार्यालयच आणून बसवलं. टपाल खात्याचा माणूस पत्रं घेतो आणि तिकिटंही देतो. दोन सेवा एका छपराखाली आल्यानं दोन्ही टिकण्याची शक्यता वाढली. आपल्या खेड्यांतल्या टपाल कार्यालयांना जागा नाही आणि रेल्वेच्या इमारती कुलूप लावून पडल्या आहेत. मग ही युक्ती आपल्याला का सुचू नये?

शकुंतलेचा गार्ड

गाडीतच तिकीट देणं आपल्याला परकं आहे असंही नाही. विदर्भातली शकुंतला आठवून पाहा. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ असा हा नॅरोगेजचा फाटा, किलिक निक्सन या इंग्रजी व्यापारी घराण्यानं वऱ्हाडातल्या कापसासाठी बांधलेला. स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी खाजगी कंपनीकडे राहिली आणि भारतीय रेल्वे तो तिच्या वतीनं चालवत राहिली. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन त्यावर 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत धावलं, मग डिझेल आलं.

या मार्गावरच्या स्टेशनांवरची माणसं हळूहळू गेली आणि शेवटच्या काळात अवघ्या सात-आठ जणांचं पथक सगळी कामं करी. गार्ड डब्यात तिकिटं देई. फाटक आलं की गाडी थांबे, कोणी खाली उतरून फाटक लावी, गाडी पार झाली की पुन्हा उघडी आणि पळत येऊन चढे. इंजिन सोडवणं, जोडणं, सिग्नल, सगळं तीच माणसं पाहत. वेग सायकलच्या बरोबरीचा. तरी अचलपूर-यवतमाळकडच्या गरिबाला ती परवडे, कारण तिचं भाडं बसच्या भाड्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

शकुंतला का बंद पडली? मालकीचा गुंता, थकलेले रूळ, दुरुस्तीवर न झालेला खर्च. स्टेशनांवर माणसं नव्हती हे त्यामागचं कारण नव्हतं. माणसांवाचून ती कित्येक वर्षं धावली. छोट्या स्टेशनाबद्दलच्या सगळ्या चर्चेत ही एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. कर्मचारी काढून घेतला तर स्टेशन लंगडत का होईना चालतं. गाडी काढून घेतली की ते संपतं.

2020 नंतर

मार्च 2020 मध्ये देशातली प्रवासी रेल्वे थांबली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. गाड्या परत आल्या, पण तशाच आल्या नाहीत. आधी ‘स्पेशल’ म्हणून आल्या, आणि पॅसेंजरमध्ये बसणाऱ्यालाही एक्स्प्रेसचं भाडं पडू लागलं. जिथे कमीत कमी तिकीट दहा रुपये होतं तिथे तीस रुपये झालं. लांब पल्ल्याच्या अनेक पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचा दर्जा मिळाला आणि दर्जा वाढला तसे मधले थांबे गळाले. आयआयटी मुंबईची मदत घेऊन रेल्वेनं शून्यापासून नवं वेळापत्रक आखलं. त्याचा एक उघड हेतू मधले थांबे कमी करून गाड्यांचा वेग वाढवणं हा होता.

आकड्यांच्या तक्त्यात हे शहाणपणाचं दिसतं. ज्या हॉल्टवर दिवसाला मूठभर तिकिटं जातात तिथे भरधाव गाडी थांबवायची, पुन्हा वेग घ्यायचा, डिझेल आणि मिनिटं खर्चायची, कशासाठी? पण तिकिटं मूठभर का जातात, हे त्या तक्त्यात नसतं. सकाळची गाडी शाळा-कॉलेजच्या वेळेला येत नसेल, संध्याकाळची अंधार पडल्यावर सोडत असेल, तर माणूस काळीपिवळीनं जाणार. तो गेला की तिकिटं घटणार, आणि तिकिटं घटली म्हणून थांबा काढणार. मुक्कामाची एसटी याच चक्रात बंद झाली होती, हे खेड्यांतल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

दहा रुपयांचं तिकीट परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडावं लागलं. चार वर्षांत कित्येक मजूर, भाजी विकणाऱ्या बाया, तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणारे शेतकरी आणि रोज ये-जा करणारी पोरं यांची सवय मोडली होती. हॉल्टवरच्या कित्येक एजंटांनीही दुसरा धंदा धरला. कमिशनवर जगणाऱ्याला गाडी बंद असताना कोण काय देणार?

थांब्याची किंमत लोकांना कळते. वारंगळ जिल्ह्यातलं नेकोंडा स्टेशन आपल्याच दक्षिण मध्य रेल्वेवर आहे. तिथे एका गाडीला तात्पुरता थांबा मिळाला आणि तो टिकवायचा तर तिकीटविक्री दिसायला हवी, अशी अट पडली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, व्हॉट्सअॅप ग्रुप केला आणि प्रवास करायचा नसला तरी रोज तिकिटं काढली. राजस्थानातल्या शेखावाटीत रशीदपुरा खोरीच्या लोकांनी तोट्यात गेलं म्हणून बंद केलेलं स्टेशन तिकीटविक्रीची जबाबदारी अंगावर घेऊन पुन्हा उघडून घेतलं. दोन्हीकडे लोकांनी स्टेशनमास्तर मागितला नाही. त्यांनी गाडी थांबवा एवढंच म्हटलं.

जपानचंही सगळं गोड नाही

बिनमाणसाच्या स्टेशनांचं कौतुक करताना त्यांची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सप्टेंबर 2020 मध्ये जपानच्या ओइता शहरात व्हीलचेअर वापरणाऱ्या काही जणांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला. स्टेशनावरचा माणूस काढल्यामुळे त्यांना गाडीत चढायचं तर आधी कळवून मदत मागवून ठेवावी लागे. बाकीचे लोक मनात आलं की निघतात, आम्हाला मात्र आधी परवानगी घ्यावी लागते, हे समान वागणूक देणं नव्हे, असा त्यांचा मुद्दा. यंत्र तिकीट देतं, आंधळ्या माणसाला फलाटाच्या कडेपासून मागे ओढत नाही.

पैशाचं दुखणंही मोठं आहे. 2016 मध्ये होक्काइडोच्या रेल्वे कंपनीनं जाहीर केलं की सुमारे 1,237 किलोमीटरचे मार्ग, म्हणजे तिच्या जाळ्याचा निम्मा भाग, तिला एकटीला सांभाळणं अशक्य आहे. मार्च 2021 मध्ये एका झटक्यात तिथली 18 स्टेशनं बंद झाली. गाव म्हातारं होतं, पोरं शहरात जातात, प्रवासी आटतात.

जी वाचली ती गावांनी वाचवली. कोबोरो हे दोन बोगद्यांच्या मधलं स्टेशन. तिथे जायला नीट रस्ताच नाही, गाडीनंच उतरायचं. 2015 मध्ये कंपनी ते बंद करायला निघाली, तेव्हा तोयोउरा नगरपालिकेनं देखभालीचा खर्च उचलला. लोक आता ते एकाकी स्टेशन पाहायला तिकीट काढून येतात. होरोनोबे गावाच्या हद्दीतलं नुकानान त्याहून गमतीचं. तिथलं प्रतीक्षालय म्हणजे बागेतली अवजारं ठेवायची, बाजारात मिळणारी पत्र्याची कोठी. एक-दोन माणसं जेमतेम मावतात. तोइकानबेत्सुला जुन्या मालगाडीच्या गार्डाचा डबाच चाकं काढून प्रतीक्षालय म्हणून ठेवला आहे. दगडी इमारत, ग्रॅनाइटची फरशी, एलईडी फलक यांतलं काही नाही. वारा आणि बर्फ अडला, गाडी थांबली, पुरे.

आणि तामा मांजर तर सगळ्यांनाच ठाऊक. वाकायामा प्रांतातली 14.3 किलोमीटरची किशीगावा लाइन मोठ्या कंपनीनं तोट्यापायी सोडली. 2006 मध्ये एका छोट्या कंपनीनं ती घेतली आणि शेवटच्या किशी स्टेशनावरचा कर्मचारी काढून टाकला. शेजारच्या दुकानातली मांजर तिथे फिरायची. जानेवारी 2007 मध्ये कंपनीनं तिलाच स्टेशनमास्तर नेमलं, टोपी घातली, पगार म्हणून खाऊ ठरवला. पर्यटक लोटले आणि लाइन तगली. तामा जून 2015 मध्ये गेली, तिच्या जागी दुसरी मांजर आली. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. बंद पडणाऱ्या मार्गाला प्रवासी मिळवून देणं हे काम तिथल्या लोकांनी गंभीरपणे घेतलं, मग साधन मांजर का असेना.

दुसरी लाइन येते आहे

आता पुन्हा उमरीकडे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मुदखेड-मेडचल आणि महबूबनगर-ढोण या मार्गांच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, दोन्ही मिळून सुमारे 418 किलोमीटर. उमरी, करखेली, धर्माबाद यांतल्या मुदखेड-मेडचल मार्गावर येतात. विजेची इंजिनंही या भागात आली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांत या लाइनीवर झालेला हा सर्वांत मोठा बदल.

एकेरी लाइनीवर पॅसेंजरचा जीव क्रॉसिंगमध्ये जातो. समोरून एक्स्प्रेस यायची म्हणून ती लूपवर उभी, मालगाडी पुढे काढायची म्हणून पुन्हा उभी. प्रवासी खाली उतरून शेंगा खातात. दुसरी लाइन पडली की ही अडकून पडणारी मिनिटं मोकळी होतील. ती सगळी वेग वाढवायला वापरायची की त्यातली थोडी छोट्या थांब्यांना द्यायची, हा निर्णय वेळापत्रक आखताना होईल आणि एकदा झाला की मोडणं अवघड. विजेवरची मेमू लवकर वेग घेते आणि लवकर थांबते, त्यामुळे तिला एका मिनिटाचा थांबा डिझेलच्या लांब गाडीइतका महाग पडत नाही. म्हणजे तांत्रिक अडचण पूर्वीपेक्षा कमी झालेली असेल.

म्हणून नांदेड, उमरी, धर्माबादच्या लोकांनी, पंचायतींनी आणि त्यांच्या खासदारांनी काय मागावं, याचा विचार आत्ताच व्हायला हवा. सकाळी शाळा-कॉलेज-कचेरीच्या वेळेला नांदेडकडे आणि निजामाबादकडे एक-एक मेमू, संध्याकाळी परत, आणि ती प्रत्येक छोट्या स्टेशनावर थांबणारी. तिकिटासाठी मोबाइलवरचं अॅप आहेच. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी गावातलाच एजंट किंवा किराणा दुकानदार, त्याला परवडेल एवढ्या कमिशनवर. ते जमत नसेल तर गाडीतच तिकीट, शकुंतलेच्या गार्डासारखं.

फलाटाची उंची हा दुसरा मुद्दा. हॉल्टवर फलाट बहुतेकदा रुळांच्या पातळीला असतो. डब्याची खालची पायरी कमरेएवढी, आणि गरोदर बाईला किंवा पंच्याहत्तरीच्या आजोबांना दोघांनी धरून वर ओढावं लागतं. ओइताच्या लोकांनी जे कोर्टात मांडलं, तेच आपल्याकडे रोज होतं, फक्त कोणी दावा लावत नाही. उंच फलाट, पत्र्याची का होईना शेड, पाणी, रात्री एक दिवा आणि बायांसाठी स्वच्छतागृह, एवढ्याला फार पैसे लागत नाहीत. रेल्वे हॉल्टची कामं खासदार निधीतूनही करता येतात. शेड झाडण्याचं आणि दिवा सांभाळण्याचं काम ग्रामपंचायतीनं घ्यावं. कोबोरोसाठी तोयोउरानं जे केलं, ते आपल्या पंचायतीला झेपणार नाही असं नाही.

नव्या इमारती, कमानी, फिरते जिने हे मोठ्या स्टेशनांचं भूषण. ते होतंय, होऊ द्या. पण स्टेशनाची किंमत त्याच्या इमारतीत नसते, दिवसातून तिथे कितीदा गाडी थांबते यात असते. रेल्वेनं छोट्या स्टेशनावरची माणसं कमी केली तर त्यावर भांडता येईल, तडजोडही करता येईल. थांब्यावर मात्र तडजोड नको. उमरीच्या आणि करखेलीच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळापत्रकाआधी ग्रामसभेचे ठराव करा, रोज जाणाऱ्यांच्या नावांची यादी जोडा, विभागीय कार्यालयाला पाठवा, आणि गाडी मिळाली की तिकीट काढूनच बसा.